देवाच्या कामाची मुदत

राजाजीनगरातून पूर्वेकडे निघून लोहमार्ग ओलांडला म्हणजे मल्लेश्वरम लागते, आणि त्या वस्तीस ज्याच्यावरून नाव पडले त्या काडु मल्लेश्वराच्या देवालयाजवळ एक शिलालेख आहे, ज्यात शहाजी राजांचे चिरंजीव एकोजी राजे यांनी १६६९ साली मेदरनिंगनहळ्ळी नावाचा गाव देवाच्या सेवेप्रीत्यर्थ लावून दिल्याची नोंद सापडते. बंगळुरातील मराठी मनुष्य पुण्याहून आलेल्या पाहुण्यांस या लेखाची हकीकत मोठ्या अभिमानाने ऐकवितो आणि पाहुणे ती तितक्याच अभिमानाने विसरतात. माझ्या मते त्या शिलेचे महत्त्व इतिहासापेक्षाही वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक आहे. कारण सत्ता हाती असलेल्या पुरुषाने आपण काय केले हे रयतेस लेखी कळविण्याचा आमच्या आसपास आढळणारा हा एक जुना आणि अस्सल नमुना होय. कोणी दिले, कोणास दिले आणि काय दिले, ही त्याची मुख्य बाब. राजांची तसबीर त्यावर नाही. राजांच्या उजव्या हातास उभे राहून धोतराचा सोगा सावरणाऱ्या कारभाऱ्याची नाही. ‘आमच्या लाडक्या राजांस मल्लपूरकरांच्या वतीने कोटी कोटी शुभेच्छा’ असा मजकूर आणि त्याखाली पागोटी घातलेल्या शुभेच्छुकांची दाटी तर नाहीच नाही.

अशा दानलेखांच्या अखेरीस, जो कोणी हे दान बुडवील तो साठ हजार वर्षे विष्ठेत कृमी होऊन पडेल, अशा आशयाचा शाप घालण्याची चाल पूर्वी सर्वत्र होती. ही चाल मोडली ही मला मोठी हानी वाटते. सांप्रत एका लोकप्रतिनिधीने बसविलेली कोनशिला दुसऱ्याने काढून तिच्या जागी आपली लावली, तरी त्यास पुढील निवडणुकीपलीकडच्या कोणत्याही जन्माची धास्ती उरलेली नाही. अर्थात एकोजी राजांच्या शापाने तरी काय साधले असते हा प्रश्नच आहे. कारण त्या लेखानंतर अठरा वर्षांनी, १६८७ त, मोगलांच्या कासीमखानाने बंगळूर घेतले आणि तीन लक्ष रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हवाली केले. एवढ्या रकमेत आज त्याच बंगळुरात मनुष्यास एखादी मोटार मिळते, पण ती उभी करण्यास जागा मिळत नाही.

शिला गेली, पत्रिका आली. आमदारांच्या कार्याचा अहवाल हा वाङ्मयप्रकार आमच्याकडे कधी वर्तमानपत्राच्या घडीत लपून, कधी दाराच्या फटीतून आणि हल्ली बहुधा रहिवासी संघाच्या व्हॉट्सअपवरून घरात प्रवेश करतो. मी येथे जे लिहितो ते कोणा एकाच्या अहवालाविषयी नव्हे, हे प्रारंभीच नमूद करून ठेवितो. बंगळुरात विधानसभेचे २८ मतदारसंघ आहेत, माझे आप्त त्यांपैकी निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि रद्दीवाल्याच्या हाती जाण्यापूर्वी छापील कागद वाचून पाहण्याची मला खोड आहे. शिवाय कोल्हापूर, सोलापूर व ठाणे येथील नातलगांकडून त्या त्या प्रांतीचे नमुनेही माझ्या दप्तरी जमा होत असतात. भाषा बदलली, पक्ष बदलला, टोपीचा रंग बदलला, तरी रचना बदलत नाही, हा माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

खुद्द आमच्या राजाजीनगराचे आमदार एस. सुरेशकुमार हे गृहस्थ साधेपणाविषयी प्रसिद्ध असून १९९४, १९९९, २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ असे सहा वेळा येथून निवडून आले आहेत. मध्ये २००४ साली मतदारांनी एन. एल. नरेंद्रबाबू यांस निवडले आणि सुरेशकुमारांस पाच वर्षे पुरी होण्याची वाट न पाहता चार वर्षांतच परत बोलाविले. इतकी वर्षे एकाच मनुष्यास तेच तेच गटार दाखविण्याचे सातत्य ज्या मतदारसंघाने राखले, त्याच्या चिकाटीचे मला कौतुक वाटते. प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख पुढे एका निराळ्याच कारणासाठी यावयाचा आहे; तूर्त अहवालाकडे वळू.

अहवालाचा आत्मा म्हणजे छायाचित्र. त्यातील पात्रयोजना भरताच्या नाट्यशास्त्राइतकी ठरीव आहे. मध्यभागी आमदार, त्यांचा एक हात पुढे झालेला आणि त्या हाताची तर्जनी एका खड्ड्याकडे रोखलेली. डाव्या बाजूस अभियंता, जो खड्ड्याकडे न पाहता तर्जनीकडे पाहतो. उजव्या बाजूस कार्यकर्ता, जो तर्जनीकडेही न पाहता छायाचित्रकाराकडे पाहतो. थोडा मागे, अर्धा कापला गेलेला असा कंत्राटदार. तो कशाकडेच पाहत नाही, कारण त्यास काय झाले आहे आणि काय होणार आहे हे दोन्ही ठाऊक असते. आणि सर्वांच्या मागे, दारात उभी राहिलेली एक वृद्ध स्त्री, जिच्या घरात गेल्या पावसाळ्यात पाणी शिरले होते आणि जिला या समुदायात काय चालले आहे हे कोणी सांगितलेले नसते. खड्डा बुजल्यानंतरचे छायाचित्र या वाङ्मयात सहसा येत नाही. टीकाकार यावरून भलते तर्क काढतात. वस्तुस्थिती इतकीच, की बुजलेल्या खड्ड्यात बोट दाखविण्याजोगे काही राहत नाही.

दुसरा महत्त्वाचा विधी ‘गुद्दली पूजे’चा. आपल्याकडे ज्यास भूमिपूजन म्हणतात तोच हा प्रकार. परंतु येथील लोक अधिक प्रामाणिक असल्यामुळे भूमीचे निमित्त न करता सरळ कुदळीचीच पूजा करितात. नवी कोरी कुदळ, तिला हळदकुंकू, दांड्यास फुलांची माळ, नारळ, कापूर, भटजी, आणि आमदारांनी सुटाबुटातील पाहुण्यांच्या पायांस न लागेल अशा बेताने घातलेला पहिला घाव. आमच्या घराजवळच्या रस्त्याच्या भाग्यास तर सीमा नाही. पाण्याच्या नळासाठी त्याची पूजा झाली, मलवाहिनीसाठी झाली, विजेच्या तारा जमिनीखाली नेण्यासाठी झाली, पदपथासाठी झाली, आणि शेवटी या सर्व पूजांनी त्याची जी अवस्था झाली होती तिच्या निवारणार्थ त्यास काँक्रीटचा पांढरा थर देण्यासाठी म्हणून आणखी एकदा झाली. शास्त्रात षोडशोपचार सांगितले आहेत. या रस्त्याचे त्याहून कमी झाले असतील असे मला वाटत नाही.

अहवालाची भाषा परक्या मनुष्यास दुर्बोध वाटेल. राजाजीनगराची रचना ज्यांनी केली त्यांचा विशेषनामांपेक्षा अंकांवर अधिक विश्वास होता. त्यामुळे येथील पत्ता म्हणजे ब्लॉक, मेन आणि क्रॉस यांची एक त्रैराशिकाची मांडणी असते. ‘तिसऱ्या ब्लॉकातील ५९ व्या क्रॉसवर’ असे वाक्य वाचू लागलेला नवखा वाचक पुढे उत्तर येईल या अपेक्षेने पान उलटतो, तो तेथे भाष्यम सर्कलच्या बाजूचा दिवा लागल्याची वार्ता. प्रकाशनगर, शिवनगर, कामाक्षीपाळ्य अशी नावे आली की जरा हायसे वाटते. मतदारसंघातील कोणता विभाग आमदारांच्या मर्जीत आहे हे अहवालातील नामोल्लेखांवरून ताडण्याचा उद्योग येथील ज्येष्ठ नागरिक संध्याकाळी बाकावर बसून करितात, आणि त्यांची अनुमाने ज्योतिषापेक्षा अधिक खरी ठरतात.

ज्या पुरुषाच्या नावाने ही वस्ती उभी राहिली त्याची आठवण या ठिकाणी मला फार वेळा होते. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे हिंदुस्थानचे अखेरचे गव्हर्नर जनरल. त्यांच्या नावाने स्वातंत्र्यानंतर लगोलग हे औद्योगिक उपनगर वसविण्यात आले. पुढे १९५९ साली याच राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला आणि सरकारी परवाने, सनदा आणि वाटपाचे कोटे यांच्या राज्यावर आयुष्याच्या उत्तरार्धात असे काही कोरडे ओढले, की त्या राज्यास त्यांनी ठेवलेले नाव अद्यापि टिकून आहे. नागरिकाने सरकारच्या दारात तिष्ठू नये यासाठी ज्याने म्हातारपण झिजविले, त्याच्या नावाच्या नगरात आज शाळेच्या प्रवेशासाठी, इस्पितळातील खाटेसाठी, नळाच्या जोडणीसाठी, मंगल कार्यालयाच्या भाड्यात सूट मिळावी म्हणून, आणि एकदा तर माझ्या समक्ष एका गृहस्थाच्या मुलीचे जमत आलेले लग्न पुरते जमावे म्हणून, लोक आमदारांचे पत्र आणावयास निघतात. वराचा बाप सरकारी नोकरीत होता, एवढेच त्या शेवटच्या प्रकरणात राजकारण.

औद्योगिक उपनगरातील उद्योग मात्र हळूहळू अंतर्धान पावले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी १९४६ साली बंगळुरात विजेच्या यंत्रांची कंपनी काढली, आणि राजाजीनगर व मल्लेश्वरम यांच्या सीमेवरील तिच्या विस्तीर्ण जागेत जेथे मोटारी गुंडाळल्या जात तेथे आज ओरायन मॉल आहे. तेथे जाताना माझ्यातील मराठी मनुष्य क्षणभर गहिवरतो आणि लगेच वातानुकूलित हवेत शिरून सावरतो. हे स्थित्यंतर आपण घडवून आणले असे कोणत्याच अहवालात वाचल्याचे मला स्मरत नाही, यावरून ते खरोखर मोठे असावे.

अहवालात इतकी गटारे का असतात, याचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण त्यात आमदारांचा दोष वाटतो तितका नाही. गटार ही वास्तविक नगरसेवकाची मिरास. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून असे ठरवून टाकले आहे, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी नव्या निवडणुका. बृहत् बंगळूर महानगरपालिका २००७ साली आसपासची नगरे व खेडी पोटात घेऊन जन्मास आली. तिच्या निवडणुका २०१० साली झाल्या, २०१५ साली झाल्या, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर, १९८ नगरसेवक घरी गेले ते गेलेच. पुढे वर्षामागून वर्षे प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. या काळात विधिमंडळ स्वस्थ बसले होते असे मात्र कोणी समजू नये. त्याने २०२० साली पालिकेसाठी नवा कायदा केला; प्रभागांची संख्या एकदा वाढविली, एकदा घटविली; मग २०२५ साली आणखी एक नवा कायदा केला, आणि त्यान्वये त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका महानगरपालिकेच्या ठिकाणी पाच महानगरपालिका आणि त्यांच्या डोक्यावर एक प्राधिकरण अशी व्यवस्था लावून दिली. गटार त्याच जागी होते. त्याच्याविषयीची तक्रार कोणत्या कचेरीच्या नावाने लिहावी, एवढेच काय ते बदलत राहिले.

अशा स्थितीत तुंबलेल्या नळाचा मालक जाणार कोठे? तो आमदारांकडे जातो. आणि ज्यास आपण विधिनियम करण्यासाठी, अंदाजपत्रकातील आकड्यांची छाननी करण्यासाठी व मंत्र्यांस आडवेतिडवे प्रश्न विचारण्यासाठी विधानसौधात पाठविले, तो मनुष्य सकाळी सहा वाजता, चहाही न घेता, मॅनहोलच्या झाकणावर उभा असलेला दिसतो. त्याने झाकणावर उभे राहू नये अशी सूचना करण्याचे धैर्य मला तरी नाही. पहिली गोष्ट, झाकण त्यामुळे काही वेळ जागेवर राहते. दुसरी, एखादे विधेयक दुरुस्त करावे म्हणून भल्या पहाटे कोणा मतदाराने आमदाराचे दार ठोठावल्याचे मी ऐकलेले नाही. मनुष्य जे मागितले जाते तेच देतो, आणि जे दिले तेच अहवालात छापतो. ‘या वर्षी सभागृहात मी या या विधेयकांवर बोललो, अमुक कलमास हरकत घेतली, तमुक कलम माझ्या सूचनेवरून बदलले’ असे एखादे पान कोणी छापलेच, तर ते पान पालथे घालून त्यावर दुधाचा हिशेब लिहिला जाईल, हे लेखक आणि वाचक दोघांसही ठाऊक असते.

मतदाराची मोजपट्टी तर याहूनही निराळी. तोरणाला आणि मरणाला आमदार आले की नाही, यावर आमच्याकडे कारकिर्दीचा ताळेबंद मांडला जातो. लग्नाच्या मुहूर्ताच्या दिवसांत एकेका आमदारास इतक्या मांडवांतून फिरावे लागते, की अक्षता कोणावर टाकल्या याचा त्यांस संध्याकाळी पत्ता नसतो. आमच्या ओळखीच्या एका घरी वधूवरांस आशीर्वाद देऊन खाली उतरताना एक पुढारी यजमानांचे दोन्ही हात हाती घेऊन गंभीर स्वरात म्हणाले, “धीर धरा.” दुपारच्या वेळी ते दुसऱ्या एका घरी समाचारास जाऊन आले होते, हे नंतर समजले. पण यजमानांस त्याचा मुळीच राग आला नाही. आले, हे महत्त्वाचे. काय म्हणाले ते कोण ऐकतो?

मुंबईस माझे एक मावसभाऊ असतात. ते दर निवडणुकीच्या वेळी दूरध्वनीवरून मला विचारतात, “काय रे, तिकडे आपला कोणी उभा आहे की नाही?” आता आपल्यांपैकी बंगळुरात जो एक पुरुष साऱ्या जगास माहीत झाला तो शिवाजीराव गायकवाड, आणि तोही येथील बसची कंडक्टरी सोडून मद्रासेस गेला व रजनीकांत झाला. राहिलेले आम्ही. आमची मते मोजून कोणी घाबरावे अशी आमची संख्या नाही आणि मोजून कोणी आनंदावे अशी एकीही नाही. मी भावास सांगतो, की आमचे गटार कानडी बोलते, आणि त्याच्याशी त्याच भाषेत बोलणारा मनुष्य मला अधिक उपयोगी आहे.

त्याला याहून जास्त खुलासा हवा असतो तो हिवाळ्यात. कर्नाटकाच्या विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावीच्या सुवर्ण विधानसौधात भरते. ही वास्तू ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उघडण्यात आली. अधिवेशन आले की सर्व २२४ आमदार, मंत्री, सचिव, त्यांचे स्वीय साहाय्यक आणि साहाय्यकांचे साहाय्यक असा लवाजमा सुमारे पाचशे किलोमीटर उत्तरेस प्रयाण करितो, आणि त्याच सुमारास तेथील महाराष्ट्र एकीकरण समिती निषेधाच्या महामेळाव्याची तयारी करिते. माझी परिस्थिती अशी, की बेळगावातले माझे व्याही ज्या अधिवेशनाच्या विरोधात घोषणा देण्यासाठी घराबाहेर पडतात, त्याच अधिवेशनात राजाजीनगरच्या पाण्याचा प्रश्न निघावा म्हणून मी इकडे देव पाण्यात घालून बसलेला असतो. संध्याकाळी दोघेही एकमेकांस दूरध्वनी करून हवापाण्याविषयी बोलतो. त्यांच्याकडे थंडी फार असते.

विधानसौधाची गोष्ट निघालीच आहे, तर बंगळुरातील मूळ वास्तूविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. जवाहरलाल नेहरूंनी १३ जुलै १९५१ रोजी तिचा पाया घातला, केंगल हनुमंतय्या यांनी मुख्यमंत्री या नात्याने तिच्यापायी जिवाचे रान केले, आणि १९५६ साली ती काळ्याशार नव्हे, करड्या शुभ्र पाषाणाची प्रचंड इमारत पुरी झाली. खर्च सुमारे पावणेदोन कोटी रुपये. एवढ्यासाठी त्या वेळी केवढा गहजब उडाला! सांप्रत एकेका आमदारास आपल्या विभागाच्या विकासासाठी वर्षाकाठी दोन कोटी मिळतात. म्हणजे त्या वेळच्या भावाने प्रत्येक आमदारास दरसाल एक विधानसौध बांधून वर पदपथास फरशी घालता आली असती. भाव बदलल्यामुळे विधानसौध राहिला आणि फरशीच तेवढी वाट्यास आली. तीही, सकाळी तिच्यावरून फिरावयास निघालेल्या माझ्यासारख्या मनुष्याच्या अनुभवाने, एका टोकास पाय ठेवला असता दुसऱ्या टोकाने उठून नमस्कार करिते.

त्या भव्य इमारतीच्या दर्शनी भागावर हनुमंतय्यांनी कानडीत एक वचन कोरवून घेतले: सरकारचे काम हे देवाचे काम. हेतू अत्यंत उदात्त होता; कचेरीत बसणाऱ्याने आपल्या मेजास देव्हारा मानावे, एवढाच. पण वचने दगडात कोरली म्हणजे ती सर्वांस वाचता येतात, आणि कारकुनांनी त्यातून वेगळाच सिद्धांत काढला. देवाच्या कामाची घाई कोणी करावयाची नसते. देवास तारीख विचारावयाची नसते. देवापुढे रिकाम्या हाताने जावयाचे नसते. देवाचा कौल उजवा पडला तर प्रारब्ध, डावा पडला तर पुढील महिन्यात पुन्हा यावे. आणि मधल्या मध्ये ज्याची देवाशी ओळख आहे असा एखादा पुजारी गाठावा. तो पुजारी म्हणजेच लोकप्रतिनिधी, आणि त्याचे पत्र म्हणजे अंगारा.

आता मघाशी ज्या कारणासाठी आमच्या आमदारांचे नाव राखून ठेविले होते ते सांगतो. २०११ साली कर्नाटकाच्या विधिमंडळाने या देवाच्या कामास मुदत घालणारा एक कायदा केला, आणि पुढील वर्षी, म्हणजे २०१२ च्या एप्रिल महिन्यात, तो राज्यभर लागू झाला. लोक त्यास ‘सकाल’ म्हणतात. त्या वेळी विधी व संसदीय कामकाज खाते ज्यांच्याकडे होते ते मंत्री म्हणजे आमचेच सुरेशकुमार. असे कायदे इतरत्रही झाले. मध्य प्रदेशाने २०१० साली केला, महाराष्ट्राने लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली केला. ‘सकाल’ची योजना अशी: जन्ममृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, मिळकतीचे खाते बदलणे असल्या नेहमीच्या कामांची यादी करावयाची, प्रारंभी ११ खात्यांची १५१ कामे यादीत होती, प्रत्येक कामास दिवस नेमून द्यावयाचे, अर्जदारास १५ आकडी क्रमांक द्यावयाचा, आणि नेमल्या दिवशी काम न झाल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसास वीस रुपये, कमाल पाचशे, या दराने अर्जदारास भरपाई द्यावयाची, जी चुकार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल व्हावयाची. देवाच्या कामावर दिवसाला वीस रुपये दंड बसविण्याचे धारिष्ट जगातील किती पंथांनी दाखविले असेल?

हिशेब करण्याची आवड असल्यामुळे माझ्या तेव्हाच ध्यानात आले, की वीस रुपयांच्या दराने पाचशेची मर्यादा पंचविसाव्या दिवशी गाठली जाते. त्यापुढील उशीर अधिकाऱ्यास फुकट पडतो. सव्विसाव्या दिवसापासून काम पुन्हा देवाचे. पण ही बारीकशी फट सोडली, तर मला हा कायदा मोठा मोलाचा वाटतो. कोणाच्याही आयुष्यात लागणारी शंभरदीडशे कामे ज्याने कोणाच्याही पत्राविना व्हावीत, असा विधिनियम आमच्याच मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या मंत्रिपदाच्या काळात झाला; नगरविकास, शालेय शिक्षण अशी इतर खातीही त्यांनी वेळोवेळी सांभाळली, पण आमदाराने विधिमंडळात जाऊन करावयाचे जे खास काम, त्याचे यापेक्षा चोख उदाहरण राजाजीनगरच्या पदरात दुसरे नाही. एखादा अहवाल याच एका गोष्टीने भरून काढता आला असता. परंतु कायद्याचे छायाचित्र घेता येत नाही. त्यास फीत नाही, कुदळ नाही, माळ नाही. फार तर भरपाईचे वीस रुपये हाती घेऊन उभ्या असलेल्या नागरिकाचे छायाचित्र घेता येईल, आणि असा नागरिक शोधून काढण्यास निराळे खाते नेमावे लागेल.

कारण वीस रुपये मागण्यास कोणी जातच नाही. ज्या कारकुनाकडे उद्या पुन्हा जावयाचे आहे त्याच्या पगारातून आज वीस रुपये कापून घेण्याइतका अव्यवहारी मनुष्य राजाजीनगरात राहत नाही; तो केव्हाच इंदिरानगरला गेला.

आमच्या क्रॉसवर एक निवृत्त हिशेबनीस राहतात. वडिलांच्या मागे घराचे खाते आपल्या नावे करून घ्यावयाचे म्हणून ते कित्येक दिवस चिंतेत होते. कोणत्या महानगरपालिकेच्या कोणत्या मजल्यावर जावे हेही त्यांस उमगत नव्हते. मी त्यांस ओट्यावर बसवून घेतले, कॉफी दिली, आणि कायदा कलमवार समजावून सांगितला. मुदत सांगितली, क्रमांक सांगितला, अपिलाची तजवीज सांगितली. वीस रुपयांचे सांगितले तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले, म्हणून तेवढे वगळले. हा कायदा आपल्याच आमदारांच्या मंत्रिपणाच्या वेळचा आहे आणि यात कोणाच्या शिफारशीचे मुळी कामच नाही, हे मी दोनदोनदा बजावले. ते सर्व त्यांनी शांतपणे, मान डोलावीत, शंका विचारीत, मोठ्या आस्थेने ऐकून घेतले.

“रायरे,” ते शेवटी म्हणाले, “कायदा फारच उत्तम आहे. तुम्ही सांगितलेत म्हणून कळले.”

मी नम्रतेने हसलो.

“आता असे करितो,” ते उठता उठता म्हणाले, “ज्यांच्या वेळी हा झाला, त्यांचीच एक चिठ्ठी घेऊन येतो. या कायद्याप्रमाणे या गृहस्थाचे काम व्हावे, एवढी एक ओळ. मग खिडकीवरचा मनुष्य नाही म्हणणार नाही.”

संध्याकाळी ते कागद घेऊन परत आले. मजकुराचा मसुदा त्यांनी स्वतःच केला होता आणि तो चांगला होता. केवळ मायन्यात ‘मान्यवर आमदार’ घालावे की ‘माजी विधिमंत्री’ घालावे, याचा त्यांस निर्णय होईना. मी दोन्ही घाला म्हणून सांगितले.